दुर्गाबाईंचा कट्टा

वारज्यातल्या ओव्हाळांच्या घरी टेलिफोन आला, तेव्हा दुर्गाबाईंनी खात्याच्या माणसाला आधी चहा दिला आणि मग त्याच्यावर देखरेख करायला उभ्या राहिल्या. तार खिडकीतून आत कशी घेतोय, खिळे सरळ मारतोय का, भोक नीट बुजवतोय का, सगळ्यावर त्यांची नजर. शेवटी तो वैतागून म्हणाला, "आजी, हे काम मी रोज करतो."

"म्या बी केलंय, बाबा," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुझ्या जन्माच्या आधी."

खोटं नव्हतं ते. कर्वे रस्त्याच्या कडेनं टेलिफोनच्या केबलसाठी चर खणले जात होते, तेव्हा ठेकेदाराकडच्या बायकांत दुर्गाबाई होत्या. नवरा ज्ञानदेव पुढं कुदळ मारायचा, मागून त्या पाटीनं माती उपसायच्या. मनगटाएवढी जाड काळी केबल चरात सोडायची वेळ आली की बाया-गडी सगळ्यांनी ती खांद्यावर घ्यायची आणि मुकादमाच्या आवाजावर एकदम खाली ठेवायची. ज्ञानदेव छातीच्या दुखण्यानं लवकर गेला. दुर्गाबाईंनी मजुरीवर मुलाला वाढवलं. प्रज्ञेश लहान असताना वस्तीतल्या विहारात मोठ्यांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाला, तिथं पाटी घेऊन त्या रोज जाऊन बसल्या आणि वाचायला शिकल्या. बोट ठेवून, मोठ्यानं, सावकाश वाचायच्या. पण दुकानाच्या पाट्यांपासून बसवरच्या नावापर्यंत काही सोडायच्या नाहीत.

प्रज्ञेश पुढं सेंट्रल बिल्डिंगमध्ये सरकारी कचेरीत कारकून झाला. लग्नानंतर त्यानं वारज्याला नव्या सोसायटीत दोन खोल्या घेतल्या. तेव्हा वारजं म्हणजे अर्धं शेत आणि अर्धं सिमेंट. इमारतीच्या मागं ज्वारी उभी असायची आणि पुढं वाळूचे ढीग. अशा ठिकाणी कित्येक वर्षं नंबर लावून ठेवलेला फोन एकदाचा आला, तोही सबंध जिन्यात एकटाच. त्यामुळं ओव्हाळांचा नंबर सगळ्या जिन्याचा 'पीपी' नंबर झाला. कुणाच्या भावाचा फोन, कुणाच्या नोकरीचा निरोप. दुर्गाबाई पदर खोचून जिन्यात यायच्या आणि नाव पुकारायच्या. शेजारचे आप्पासाहेब निवृत्त शिक्षक. त्यांची मुलगी नागपूरला दिलेली. तिचा फोन दर गुरुवारी पाच वाजता यायचा आणि आप्पासाहेब पावणेपाचपासून इस्त्रीचा सदरा घालून ओव्हाळांच्या खुर्चीत बसून असायचे. जिन्यात दुर्गाबाईंचा मान होता तो असा, फोनच्या तारेवर तोललेला. आणि नेमका त्याच तारेवर सुनेचा डोळा गेला.

सून उल्का येरवड्याची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. सदाशिव पेठेत श्रीधर दामल्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात ती कामाला होती. दुकान म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यात उघडी कॅबिनेटं, हिरव्या अक्षरांचे मॉनिटर आणि डोसा ठेवता येईल एवढ्या मोठ्या फ्लॉप्या. तो काळ मोठा गमतीचा होता. ज्या ऑफिसात कॉम्प्युटर यायचा तिथं त्याला वेगळी खोली, थंडगार हवा, अंगावर झालर लावलेला कपडा. खोलीच्या बाहेर चपला काढायच्या. दामले म्हणायचे, "लोकांनी याचा देव करून ठेवलाय. देव निदान दर महिन्याला बिघडत नाही." उल्का मशीन दुरुस्त करताना त्याच्याशी पुटपुटायची, तर त्यावर त्यांचं, "अहो ओव्हाळबाई, मशीन बिघडलंय, रुसलेलं नाही. समजूत कसली काढताय? उघडा." पण नवं काही आलं, जाळं जोडायचं कार्ड असो की देवनागरी अक्षरं दाखवणारं कार्ड, की खोकं उघडायला ते आधी उल्कालाच हाक मारायचे.

एका बँकेनं जुनी मशीनं काढून टाकली, तेव्हा त्यांतला बराचसा माल दुकानात पडून राहिला. दामले म्हणाले, "हे घरी न्या, नाहीतर भंगारवाल्याला द्या. मला पाय ठेवायला जागा नाही." उल्का दर शनिवारी पिशवीतून एकेक भाग घरी आणू लागली. एकदा मदरबोर्ड, एकदा पॉवर सप्लाय, एकदा मॉनिटर. तो मॉनिटर प्रज्ञेशनं बसमधून मांडीवर आणला आणि वाटेत शेजारच्या बाईनं, बाळ झोपलंय का, म्हणून विचारलं. दिवाळीच्या सुटीत ते सगळं जोडून झालं. दुकानात न खपलेलं एक देवनागरीचं कार्डही त्यात बसलं. सगळ्यांत शेवटी आला मोडेम, पुढं लाल दिव्यांची ओळ असलेली एक चपटी डबी.

"आता ह्ये कशाला?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"आई, ही डबी फोनला लावायची. मग दुसरीकडचा कॉम्प्युटर आपल्या कॉम्प्युटरला फोन करू शकतो. फोन करणाऱ्यानं आपल्या मशीनवर निरोप लिहून ठेवायचा, दुसऱ्यांचे वाचायचे, उत्तरं द्यायची. एका वेळी एकच जण. तो गेला की पुढचा. मुंबईला असं चालतं. मी दुकानातून पाहिलंय."

"म्हंजे कट्ट्यावर बसल्यावानी."

"तसंच." उल्का हसली. नाव तिथंच ठरलं.

"आन् तवर फोन?"

"तेवढा वेळ फोन बंद."

दुर्गाबाई उठून आत गेल्या. त्या रात्री जेवताना त्या कुणाशी बोलल्या नाहीत. प्रज्ञेश दोघींच्या मध्ये बसून भाकरी मोडत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाबाईंनीच निकाल दिला. "एक ते चार घे. तवा पुण्यात कोन कुनाला फोन करत न्हाई. दुकानं झोपत्यात, मानसं झोपत्यात. चारच्या ठोक्याला फोन माझा."

अडचण एवढीच की एक ते चार उल्का सदाशिव पेठेत असायची आणि प्रज्ञेश कचेरीत. मग मशीन सुरू कोण करणार? उल्कानं काही विचारलं नाही. फक्त रविवारी दुर्गाबाईंना शेजारी बसवून सगळं करून दाखवलं. बटण कुठलं, मोडेमची वायर कुठं खोचायची, बंद करताना काय आधी. सगळ्यांत नाजूक दुखणं हार्ड डिस्कचं होतं. ती जुनी होती, थंड झाली की आतली चकती अडकून बसायची. चालू केल्यावर 'कुर्र' असा आवाज आला तर ठीक. नाही आला तर कॅबिनेटचं झाकण उचलायचं आणि डिस्कला तळव्यात धरून एक हलका झटका द्यायचा. झाकणाचे स्क्रू उल्कानं त्यासाठीच काढून टाकले होते.

"जोरात नाही हं, आई. झोपलेल्याला खांद्याला धरून हलवतो ना, तेवढंच."

दुर्गाबाईंनी एकदा करून पाहिलं. डिस्क कुरकुरली आणि फिरायला लागली. झाकण मग त्यांनी स्वतःच नीट बसवलं.

पहिले काही दिवस कट्ट्यावर कुणीच आलं नाही. दामल्यांनी दुकानाच्या दारावर नंबर लिहून लावला. खाली लिहिलं, 'दुपारी एक ते चार. इतर वेळी फोन केल्यास सासूबाईंशी बोलावे लागेल.' मग हळूहळू दिवे लुकलुकू लागले. दुपारच्या वेळी साहेब जेवायला गेले की ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचे लोक कट्ट्यावर यायचे. कारखान्यातले, बँकांतले, कॉलेजांच्या प्रयोगशाळांतले. खरी नावं कुणी सांगत नसे. कुणी 'खेकडा', कुणी 'बिनसाखर', कुणी 'तिसरी पाळी'. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ते वाद घालायचे: पीएमटीच्या बसेसवर, नाटकांवर, कुठल्या केबलला किती लांबवर जाळं चालतं यावर. खेकडा सगळ्यांशी भांडायचा. लोणी काळभोरच्या कॉलेजातला प्रयोगशाळा सांभाळणारा एक जण तेवढा स्वतःच्या नावानं लिहायचा, पोपट काळभोर. त्याच्या प्रश्नांना उल्का रोज संध्याकाळी घरी आल्यावर उत्तरं लिहून ठेवायची.

दुर्गाबाईंना इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. त्या स्वेटर विणत मोडेमसमोर बसायच्या. फोन आला की डबीतून किंचाळल्यासारखा आवाज यायचा, मग खरखर, मग शांत, आणि दिवे पळायला लागायचे. दिवे कसे पळतात यावरून आलेला माणूस वाचतोय की लिहितोय हे त्या ओळखायला शिकल्या. दिवा उगाच जळत राहिला आणि बाकीचे थंड पडले, तर कनेक्शन अडकलंय असं समजून वायर काढून पुन्हा खोचायच्या. दुपारची झोप गेली ती गेलीच. शेजारणींना सांगायच्या, "मला एक ते चार ड्यूटी हाय."

उल्कानं कीबोर्डवर मराठी अक्षरांचे कागदी तुकडे चिकटवले होते. रविवारी दुर्गाबाई त्यावर एकेक बटण शोधून आपलं नाव लिहायच्या. 'दु'पर्यंत यायलाच वेळ लागायचा.

पंचाण्णव सालच्या थंडीतला तो गुरुवार. कट्टा उघडून बराच वेळ झाला होता. अचानक मशीनमधून घंटेसारखा आवाज आला. टुंग, टुंग, टुंग. उल्कानं शिकवून ठेवलं होतं की असा आवाज आला तर आलेल्या माणसाला घरच्याशी बोलायचंय. तेव्हा लांब बटण दाबायचं. आजवर तशी वेळ आली नव्हती. दुर्गाबाईंनी विणकाम बाजूला टाकलं आणि बटण दाबलं. पडद्यावर मराठी अक्षरं उमटू लागली. दुकानातल्या मशीनमध्येही तसलंच कार्ड होतं. दुर्गाबाई बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागल्या.

"आई मी उल्का. लोणीच्या पोपटची बहीण कल्याणी बाळंत झाली. खूप रक्त गेलं. ओ निगेटिव्ह रक्त पाहिजे. कुठंच मिळत नाही. मी कट्ट्याच्या दारावर निरोप लावते. येईल त्याला तो आधी दिसेल. भिकारदास मारुतीच्या मागं, आठल्ये डॉक्टरांचा दवाखाना. आई, आज चारला बंद करू नका. मी आता फोन ठेवते आणि परत लावणार नाही. मी लावला तर लाइन अडेल, दुसऱ्याला येता येणार नाही. सांभाळाल?"

दुर्गाबाईंनी दुसऱ्यांदा वाचलं. मग कीबोर्डवर वाकल्या. 'ह' शोधला. काना-मात्रा कुठं असतात ते आठवायला वेळ लागला. पलीकडे उल्का थांबून होती. शेवटी पडद्यावर उमटलं, 'हो'.

दिवे विझले. उल्का गेली होती.

तिकडं काय झालं होतं ते दुर्गाबाईंना नंतर कळलं. रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवून पोपट हताश झाला होता. दवाखान्यापासून दामल्यांचं दुकान चार पावलांवर आहे हे त्याला कट्ट्यावरच्या गप्पांमुळं ठाऊक होतं. धापा टाकत तो जिना चढून वर आला आणि दारातच विचारलं, "कट्ट्यावरच्या उल्काताई कोण?" त्याआधी त्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं.

इकडं वारज्यात फोन येऊ लागले. एक आला, वाचून गेला. दुसरा आला, त्याचे दिवे थोडा वेळ पळत राहिले. दुर्गाबाई हात जोडून बसल्या नव्हत्या, पण स्वेटरही हातात घेतला नव्हता. तिसऱ्याची खरखर सुरू झाली आणि तेवढ्यात पंखा थांबला. पडदा एका ठिपक्यात मिटला. लाइट गेली.

वारज्यात लाइट जाणं म्हणजे रोजचंच. पण त्या दिवशी दुर्गाबाईंना वाटलं, कुणीतरी आपला हातच धरला. आता निरोप कोण दाखवणार? त्या उठल्या, खिडकीतून पाहिलं, सगळी ओळ गेलेली. परत आल्या आणि फोन वाजू लागला. फोनला लाइट लागत नव्हती. तो आपला वाजत होता. त्यांनी रिसीव्हर उचलला.

"हॅलो?"

पलीकडं कुणी बोलेना. नुसती पोकळ शांतता. मग फोन कट झाला. लगेच पुन्हा वाजला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा दुर्गाबाईंच्या लक्षात आलं. माणूस नव्हता तो. पलीकडं मोडेम होता आणि तो इकडच्या मोडेमच्या किंचाळण्याची वाट बघत होता. पण त्या डबीला आवाज असतो. आपल्या डबीतून समोरच्याची खरखर आपल्याला ऐकू येते, मग त्याच्या डबीतून आपलं बोलणं त्याला का ऐकू जाऊ नये?

चौथ्यांदा फोन वाजला, तेव्हा दुर्गाबाईंनी रिसीव्हर तोंडाजवळ धरला आणि चरावरच्या मुकादमाला ऐकू जावं तशा आवाजात ओरडल्या, "लाइट गेलीय! मशीन बंद हाय! मी कट्ट्यावरनं बोलतीय! एका बाळंतिनीला रगत पायजे, ओ निगेटिव्ह! भिकारदास मारुतीच्या मागं, आठल्ये डाक्टर! ज्याचं असंल त्यानं जावा, नसंल त्यानं दुसऱ्याला सांगा! आयकलं का?"

उत्तर आलं नाही. फोन कट झाला. दुर्गाबाईंनी रिसीव्हर ठेवला आणि पुन्हा वाजण्याची वाट पाहिली. वाजला. पुन्हा ओरडल्या, सगळं तेच. घसा बसला तरी ओरडत राहिल्या. जिन्यातली माणसं दारात येऊन बघू लागली, म्हातारीला झालं तरी काय म्हणून.

लाइट आली ती एकदम. पंखा गरगरला. दुर्गाबाईंनी बटण दाबलं आणि कान लावला. कुर्र आलं नाही. पुन्हा बंद करून दाबलं. नाही. दारात उभ्या असलेल्यांना त्या म्हणाल्या, "गप ऱ्हावा जरा," आणि कॅबिनेटचं झाकण उचललं. डिस्क तळव्यात धरली. झोपलेल्याच्या खांद्याला हलवावं तेवढाच झटका दिला. काही नाही. क्षणभर थांबून पुन्हा दिला. डिस्क कण्हली, अडखळली आणि फिरू लागली. पडद्यावर अक्षरं पळाली, मोडेमचे दिवे लागले, आणि झाकण ठेवायच्या आतच फोन आला आणि डबी किंचाळली. दुर्गाबाईंना तो आवाज इतका गोड पूर्वी कधी वाटला नव्हता.

पावणेपाचला आप्पासाहेब इस्त्रीचा सदरा घालून आले.

"आप्पासाहेब, आज लेकीचा फोन लागायचा न्हाई," दुर्गाबाई म्हणाल्या.

"का? नागपूर हललं का?"

"लाइन मला पायजे."

"बरोबर आहे. फोन आपला, लाइन आपली. आम्ही पडलो पीपी." आप्पासाहेब वळले.

दुर्गाबाईंनी त्यांना थांबवून सगळं सांगितलं. आप्पासाहेबांनी ऐकून घेतलं. खुर्ची ओढून मॉनिटरसमोर बसले, खिशातून चष्मा काढला आणि इंग्रजी अक्षरं वाचायला लागले. "हा कुणी 'बिनसाखर' नावाचा प्राणी आहे. लिहितो आहे... नाही, लिहिते आहे. बँकेत असते. म्हणते, माझाच गट, मी रिक्षात बसते आहे." थोड्या वेळानं, "हा 'तिसरी पाळी'. पिंपरीचा. म्हणतो, माझा नाही, पण खात्यातल्या माणसाला पाठवलंय. वाक्यरचना भयंकर आहे, पण माणूस बरा दिसतो." दुर्गाबाई त्यांच्यासाठी चहा टाकायला उठल्या, पण मोडेम सोडून आत जायचं धैर्य होईना. शेवटी आप्पासाहेबच आपल्या घरून दोघांसाठी चहा घेऊन आले.

उल्का आणि प्रज्ञेश घरी आले, तेव्हा दिवेलागण झाली होती. उल्का दारातच थांबली. आप्पासाहेब आणि दुर्गाबाई शेजारी शेजारी बसलेले, दोघांची नजर दिव्यांवर.

"काय झालं गं?" दुर्गाबाईंनी विचारलं. आवाज पार बसला होता.

"वाचली, आई. कल्याणी वाचली. मुलगी झालीय, तीही छान आहे." उल्का खाली बसली. "पिंपरीहून एक जण आला, बँकेतली एक मुलगी आली. पण सगळ्यांच्या आधी कोण आलं माहितीय? खेकडा! हिंमतराव जगताप नाव त्यांचं. लष्करातून निवृत्त झालेत. मुलाच्या ऑफिसात दुपारी बसून कट्ट्यावर भांडत असतात. सत्तरीला आलेत, त्यांचं रक्त घेणार नाहीत म्हणून त्याच गटाच्या मुलाला मीटिंगमधून उठवून घेऊन आले. दवाखान्यात शिरल्या शिरल्या सगळ्यांना सांगत होते, 'अहो, माझा मोडेम बोलला! आयुष्यात पहिल्यांदा मोडेम मराठीत बोलला, आणि तोही ओरडून!' पोपटला वाटलं, यांचं डोकं फिरलंय. मी तर घाबरलेच. वारज्यात लाइट गेली असणार हे माझ्या लक्षात आलं, पण फोन लावता येत नव्हता. लावला असता तर लाइन अडली असती. आई, तुम्ही काय केलंत?"

दुर्गाबाईंनी जसं झालं तसं सांगितलं. डिस्कपाशी आल्यावर त्यांनी हातानं करून दाखवलं. उल्का ऐकत राहिली. तिनं पुढं होऊन सासूचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मग आप्पासाहेबांनी घसा खाकरला. "आता नागपूरला लावता येईल का? आज मुलीला सांगण्यासारखं काहीतरी आहे."

त्यानंतर कट्ट्यावर येणाऱ्याला खरं नाव, पत्ता आणि रक्तगट लिहायला सांगायची पद्धत पडली. हळूहळू असं झालं की शहरात कुणाला दुर्मीळ गटाचं रक्त लागलं तर दवाखान्यांतून थेट वारज्याला फोन यायचा आणि दुर्गाबाई उल्कानं मराठीत उतरवून ठेवलेली यादी बघून घरच्या घरी सांगायच्या, कोण, कुठं, कसा सापडेल. चारनंतर फोन आपला असं त्या कधी पुन्हा म्हणाल्या नाहीत. कट्ट्यावरच्या लोकांनी एकदा वारज्याला भेटायचं ठरवलं. इतके दिवस एकमेकांशी भांडणारे लोक दोन खोल्यांत, जिन्यात आणि खाली वाळूच्या ढिगावर बसले. हिंमतराव दुर्गाबाईंना कडक सलाम ठोकून म्हणाले, "बाई, आमच्या पलटणीत असा आवाज एकाच सुभेदाराचा होता."

मग इंटरनेट आलं. एकेक करून लोक तिकडं गेले. कट्ट्याचे दिवे दुपारभर शांत राहू लागले आणि अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात उल्कानं निरोपाचे चार शब्द लिहून मशीन बंद केलं. दुर्गाबाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण उल्का तेव्हा रिकामी राहणारी नव्हती. तिनं दामल्यांच्या आशीर्वादानं स्वतःचं काम सुरू केलं, ऑफिसांना, कॉलेजांना कॉम्प्युटरचं जाळं जोडून द्यायचं. येरवड्याच्या आणि दापोडीच्या डिप्लोमा केलेल्या मुली तिच्या हाताखाली भिंतींतून केबल ओढू लागल्या. शिडीवर चढलेली मुलगी बघून गिऱ्हाईक आधी दचकायचं. नंतर पुढच्या कामाला तिचंच नाव सांगायचं.

त्यांचं पहिलं मोठं काम होतं लोणी काळभोरच्या कॉलेजातलं, पोपटच्या प्रयोगशाळेचं. नवी मशीनं, मध्ये त्यांना एकत्र जोडणारा हब, आणि प्रत्येक मशीनपर्यंत निळी केबल. उद्घाटनाला पोपटनं दुर्गाबाईंनाच बोलवायचं ठरवलं. प्राचार्यांनी विचारलं, "या कोण?" पोपट म्हणाला, "माझी बहीण यांच्या आवाजावर जगात राहिली." प्राचार्यांनी निमंत्रणावर सही केली.

त्या दिवशी दुर्गाबाईंनी पांढरी, निळ्या काठाची साडी नेसली. प्रयोगशाळेत मुलं दाटीवाटीनं बसलेली. पुढच्या रांगेत कल्याणी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी चौथ्या वर्षात होती आणि फुग्यासाठी भांडत होती. सूत्रसंचालन करणारे शिक्षक हातात कागद घेऊन दुर्गाबाईंजवळ वाकले. "आजी, आपला परिचय काय करून देऊ? ज्येष्ठ समाजसेविका म्हणू का?"

"छे. सेवा कुनी केली?" दुर्गाबाई म्हणाल्या. "कट्टा चालवला, म्हना. आन् एकटीनं न्हाई. सुनेसंगं."

शिक्षकांनी तसंच सांगितलं. टाळ्या वाजल्या. दुर्गाबाई उठून मशीनपाशी गेल्या, चष्मा सारखा केला आणि पोपटनं दाखवलेलं बटण दाबलं. खोलीतल्या सगळ्या पडद्यांवर एकदम मराठीत 'नमस्कार' उमटला. मागं भिंतीला टेकून उल्का आणि तिच्या मुली उभ्या होत्या. दुर्गाबाईंनी वळून सुनेकडं पाहिलं आणि मान हलवली. आता बोला, असं कुणीतरी माइकमधून म्हणालं. दुर्गाबाईंना भाषण येत नव्हतं. त्यांनी मुलांना आपल्याला येत होतं तेच सांगितलं, चर कसा खणायचे, केबल कशी उचलायचे, आणि मोडेमच्या दिव्यांवरून माणूस लिहितोय की वाचतोय हे कसं ओळखायचं. मुलं हसली, मग पुढं सरकून ऐकू लागली.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. मांडीवर शाल आणि नारळ. कंडक्टर तिकिटं देत देत आला आणि नारळाकडं बघून म्हणाला, "आजी, सत्कार झाला वाटतं. कशाबद्दल?"

उल्का उत्तर द्यायला पुढं झाली. दुर्गाबाईंनी तिला हातानं थांबवलं, नारळ बाजूला ठेवला, आणि स्वतः सांगायला सुरुवात केली. बस हडपसरला पोचली तेव्हा पुढच्या बाकांवरची माणसं मागं वळून ऐकत होती, आणि स्वारगेट आलं तरी त्यांचं सांगणं संपलेलं नव्हतं.